निजामाचा तो हात जोडलेला फोटो शरणागतीचा नाही

सतरा सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की आपल्याकडं नांदेडपासून बीडपर्यंत प्रत्येकाच्या स्टेटसला तो ब्लॅक अँड व्हाइट फोटो असतोच, विमानतळावर शेरवानीतला निजाम हात जोडून उभा आणि समोर धोतरातले सरदार पटेल, खाली ठळक अक्षरात '१७ सप्टेंबर १९४८, निजाम शरण आला'. काही जण तर त्याला ढोल लावून रील करून टाकतात.

फोटो खरा आहे हो, तारीख खोटी आहे. तो फेब्रुवारी १९४९ चा, पटेल हैदराबादला आले तेव्हा बेगमपेट विमानतळावर निजाम त्यांच्या स्वागताला गेला होता, म्हणजे सगळं उरकून पाच महिने झाले होते!

खरं काय झालं तर १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानात घुसल्या, सोलापूरकडून येणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी आपलं नळदुर्ग घेतलं, दुसऱ्या दिवशी औरंगाबाद. १७ ला संध्याकाळी निजामानं युद्धबंदी जाहीर केली, रेडिओवर बोलला. पटेल तिथं नव्हतेच. आणि रीतसर शरणागती झाली १८ ला, ती पण निजामाची नाही, त्याचा सेनापती अल इद्रूस जनरल जयंतनाथ चौधरींपुढं शरण आला. आता ते दृश्य कुणाच्या स्टेटसला दिसतं का, नाही, कारण त्यात ना निजाम ना पटेल.

आणि ज्याला शरण आलेला म्हणून दाखवतात तोच निजाम पुढं १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा घटनात्मक प्रमुख होता, हे सांगितलं की आमच्या ग्रुपवर दोन मिनिटं शांतता, मग परत तोच फोटो.