अमिश वस्ती, बायपोलर आणि बाटली

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्यातले अमिश लोक, म्हणजे आधुनिक यंत्रांपासून लांब राहणारा एक ख्रिस्ती पंथ, आजही घोडागाडीने फिरतात. १९७६ पासून जॅनिस एगलंड या संशोधिकेने त्यांच्यातल्या बायपोलर (मन कधी अति उत्साहात, कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार) रुग्णांचा माग काढला. हीच वस्ती का? कुटुंबं मोठी, वंशावळी नीट लिहून ठेवलेल्या आणि मुख्य म्हणजे दारूचं व्यसन जवळपास नाही. दारू चढलेला माणूस आणि मॅनिया (बायपोलरमधली अति उत्साहाची अवस्था) चढलेला माणूस बाहेरून सारखेच दिसू शकतात: अखंड बडबड, भांडणं, पैशांची उधळण. मध्ये बाटली नसली की निदान सोपं होतं.

१९८७ साली या अभ्यासातून अकराव्या गुणसूत्रावर बायपोलरच्या जनुकाचा धागा सापडल्याचं जाहीर झालं. दोनच वर्षांत तो सुटला. निरोगी धरलेले दोघे आजारी पडले, आणखी नातेवाईक तपासले, आणि पुरावा विरघळला. एकाच जनुकाला पकडायची घाई नडली, असं आज म्हणता येतं.

अमिशांबाहेर बायपोलर आणि दारूचं व्यसन हे दोन आजार अनेकदा हातात हात घालूनच भेटतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत बायपोलर-१ (पूर्ण मॅनिया येणारा प्रकार) च्या सुमारे ४६ टक्के रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा विकार जडलेला होता. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास. ‘आधी दारू की आधी आजार’ यावर घरोघरी वाद होतात. पण दोन्हींच्या मुळाशी काही अंशी तीच जनुकं असतील तर?

२०२१ मध्ये सुमारे ४२ हजार बायपोलर रुग्णांच्या जनुकसंचांची इतरांशी तुलना झाली. आजाराशी जोडलेल्या ६४ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. यातला काही वारसा दारूच्या समस्येशीही सामायिक निघाला. इथे एक बारकावा आहे. माणूस ‘किती पितो’ आणि ‘दारू त्याच्या हाताबाहेर जाते का’ यांची जनुकं पूर्णपणे एक नाहीत. यकृतात दारूचं विघटन करणाऱ्या एडीएच१बी जनुकाचा संबंध दोन्हींशी आहे. पण मानसिक आजारांशी जास्त सलगी आहे ती दुसऱ्याची, हाताबाहेर जाण्याची. नुसत्या पेल्यांच्या हिशेबातून ती कळत नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांनुसार दारूच्या विकारात अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा. उरलेल्या निम्म्यात घर, सोबत आणि दारू हाताशी असणं हे सगळं येतं. अमिशांमध्ये बायपोलर होताच. त्याच्या जोडीने व्यसनाकडे ओढणारा काही वारसाही त्यांच्यात असणार, असं मला वाटतं; फक्त तो उघडा पडायला लागणारी बाटली तिथे फारशी पोहोचली नव्हती.