दर दहा वर्षांनी धनुर्वाताची लस : या नियमाची पार्श्वभूमी

जखम झाली की धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे, ही गोष्ट बहुतेक प्रौढांच्या अंगवळणी पडलेली असते; आधीचे इंजेक्शन कधी घेतले होते, हे मात्र क्वचितच कोणाला आठवते. माझ्या मते या सवयीचे मूळ आजच्या लशीत नाही, तर तिच्याही आधी वापरात असलेल्या, घोड्याच्या रक्तातून काढलेल्या सीरममध्ये आहे.

१८८४ मध्ये तुरीन येथे कार्ले आणि रात्तोने यांनी धनुर्वाताने दगावलेल्या रुग्णाचा पू सशांना टोचून हा रोग संक्रमित करता येतो हे दाखवले. त्याच वर्षी गॉटिंगेनच्या निकोलायर यांनी नुसती माती टोचूनही प्राण्यांत तो निर्माण केला. पुढे १८८९ मध्ये कितासातो शिबासाबुरो यांनी बर्लिनमधील रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत, प्राणवायू वर्ज्य करून, हा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवला. जंतू स्वतः जखमेपलीकडे फारसा सरकत नाही; स्नायू ताठरवून शरीर धनुष्यासारखे वाकवते ते त्याचे विष. १८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले की, या विषाला दाद न देणाऱ्या प्राण्याच्या रक्तातील सीरम दुसऱ्या प्राण्याला दिल्यास तोही वाचतो.

पहिल्या महायुद्धात, खत घातलेल्या शेतांतल्या चिखलात लढणाऱ्या सैनिकांमध्ये धनुर्वात झपाट्याने दिसू लागला आणि प्रत्येक जखमीला हे सीरम देण्याचा प्रघात पडल्यावर त्याचे प्रमाण एकदम खाली आले. परंतु हे संरक्षण उसने होते. ते दोन-तीन आठवड्यांत ओसरे, त्यामुळे नवी जखम म्हणजे नवे इंजेक्शन हे तेव्हा अगदी रास्त होते. शिवाय घोड्याच्या प्रथिनांमुळे काहींना ताप, पुरळ आणि सांधेदुखी होत असे.

१९२० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गास्तों रामों यांनी फॉर्मॅलिन आणि ऊब यांच्या साहाय्याने विषाची मारकता काढून घेतली, पण शरीराला ते विष ओळखता यावे इतके त्याचे रूप शाबूत ठेवले. हेच टॉक्सॉइड. सीरम तयार प्रतिपिंडे, म्हणजे विषाला निष्प्रभ करणारी प्रथिने, पुरवते, तर टॉक्सॉइड ती बनवायला शरीराला शिकवते, आणि शिकायला वेळ लागतो. म्हणूनच पूर्वी एकही मात्रा न घेतलेल्या माणसाला जखमेनंतर दिलेली पहिली मात्रा त्या जखमेपुरती जवळपास निरुपयोगी असते. जखम मळकी वा खोल असेल तर त्याला इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडेही, द्यावे लागते. ज्याची प्राथमिक मालिका, म्हणजे सुरुवातीच्या ठरावीक मात्रा, पूर्ण आहे, त्याचे शरीर मात्र बूस्टर (नंतरची उजळणीची मात्रा) मिळताच काही दिवसांत प्रतिपिंडे वाढवते. दुसऱ्या महायुद्धात टॉक्सॉइड सरसकट दिलेल्या अमेरिकी सैन्यात जखमा व इजांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे २७ लाख प्रकरणांत धनुर्वाताचे रुग्ण निघाले केवळ १२.

बूस्टर किती वर्षांनी घ्यावा, याचे उत्तर इतके ठाम कधीच नव्हते. अमेरिकेत १९६६ पासून दहा वर्षांचे अंतर रूढ झाले. मळक्या जखमेसाठी मात्र शेवटच्या मात्रेपासून पाच वर्षांची मर्यादा ठेवली गेली. वारंवार टोचून घेणाऱ्यांचे दंड सुजून लाल होतात, हेही त्याच दशकात ठळकपणे नोंदवले गेले. ब्रिटनमध्ये एकूण पाच मात्रा सर्वसाधारणपणे पुरेशा मानल्या जातात, तर फ्रान्सने २०१३ मध्ये २५, ४५ आणि ६५ ही वये ठरवून दिली आणि त्यापुढे दर दहा वर्षांनी मात्रा सुचवली. वर्षे मोजण्यापेक्षा वय लक्षात ठेवणे सोपे, एवढा व्यवहार त्यात नक्कीच आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ५४६ प्रौढांच्या अभ्यासात धनुर्वातविरोधी प्रतिपिंडे निम्म्यावर यायला सुमारे १४ वर्षे लागतात असे आढळले.

अंतराबद्दल मतभेद असले तरी दोन गोष्टींमुळे प्रौढांचे लसीकरण सोडून देता येत नाही. एक, हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, तो मातीतल्या बीजाणूंपासून, म्हणजे जंतूच्या सुप्त रूपापासून, होतो. त्यामुळे शेजारीपाजारी सगळ्यांनी लस घेतली तरी न घेतलेल्याला तिचा आडोसा मिळत नाही. दुसरे, रोग होऊन बरा झालेल्यालाही प्रतिकारशक्ती येत नाही, कारण प्राणघातक ठरू शकणारे विषाचे प्रमाणही शरीराला धडा शिकवण्यास अपुरे पडते. अशा रुग्णाला बरे होत असतानाच लशीची मालिका सुरू करावी लागते.