"हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" ऑनलाइन भांडणं आवरण्यामागची पार्श्वभूमी

ग्रुपवर एखादा धागा लॉक केला, म्हणजे त्या चर्चेत पुढे लिहिणं बंद केलं, की पाच मिनिटांत मेसेज येतोच, "हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" मी बरीच वर्षं एका फोटोग्राफी ग्रुपची ॲडमिन आहे आणि हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की शेवटी तो मनावर घेतला आणि मागचं सगळं वाचत गेले. प्रश्न रास्त आहे. लोकांचं बोलणं मध्येच थांबवायचं ही काही छोटी गोष्ट नाही.

परवाचंच सांगते. रात्री साडेअकराला एकाने फोटो टाकला, दुसऱ्याने खाली विचारलं "आकाश एडिट केलंय का?" आणि उत्तर आलं "बरं." बस एवढंच, पुढे पूर्णविराम. समोरासमोर असते तर आवाजावरून कळलं असतं की माणूस दमलाय, चिडलाय की खरंच मान्य करतोय, पण स्क्रीनवर त्याचा अर्थ लागला "तुझी लायकी काय", मग शब्दाने शब्द वाढत गेला आणि बारा वाजेपर्यंत दोघंही एकमेकांचे दोन वर्षांपूर्वीचे फोटो उकरून काढत होते, चार जण सोडवायला आले त्यातल्या दोघांनी बाजू घेतल्या.

हे दुखणं फार जुनं आहे. सप्टेंबर १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बुलेटिन बोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चर्चेच्या फळ्यावर, एक कोडं चाललं होतं, लिफ्ट तुटून खाली कोसळत असेल तर आतल्या पेटत्या मेणबत्तीचं आणि पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल. त्यावर एकाने गंमत म्हणून इशारा टाकला की प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडलाय आणि थोडी जळालीय पण. काहींना ते खरंच वाटलं! मग चर्चा सुरू झाली की विनोदाला काहीतरी खूण पाहिजे, कोणी म्हणे चांदणी द्या, कोणी म्हणे टक्क्याचं चिन्ह द्या, आणि १९ सप्टेंबरला सकाळी ११:४४ वाजता तिथलेच संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी कोलन, डॅश आणि बंद होणारा कंस असा आडवा हसरा चेहरा सुचवला. त्याच मेसेजमध्ये कंस उलटा करून तोंड पाडलेला चेहराही होता, जे विनोद नाही त्याच्यासाठी. तो मेसेज पुढे हरवला आणि २००२ मध्ये जुन्या बॅकअप टेप शोधून परत मिळवला गेला. आज आपण जे इमोजी टाकतो त्यांचा हा पूर्वज गैरसमज टाळायच्या गरजेतून आलाय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच विद्यापीठातल्या सारा किसलर, जेन सीगल आणि टिमोथी मॅग्वायर यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास छापला. छोटे गट, एकच काम, कधी समोरासमोर बसून तर कधी कॉम्प्युटरवरून. कॉम्प्युटरवर एकमत व्हायला जास्त वेळ लागला, अपमान आणि शिव्या वाढल्या, पण त्याचबरोबर बोलण्यात सगळ्यांचा वाटाही जास्त समान झाला. ही दुसरी बाजू लोक विसरतात. जो एरवी गप्प बसतो तो इथे बोलतो, आणि जो एरवी जीभ आवरतो तोही इथे बोलतो, दोन्ही एकाच दाराने आत येतात, त्यामुळे दार लावून घेणं हा उपाय मला कधीच पटला नाही.

युजनेट नावाचं, कॉम्प्युटरवरच्या चर्चागटांचं जाळं १९८० च्या सुमारास सुरू झालं तेव्हा त्याला मधोमध मालकच नव्हता, म्हणजे "अधिकार कोणी दिला" हा प्रश्नच नाही, कोणालाच नव्हता. तिथे रागारागात लिहिलेल्या मेसेजला फ्लेम म्हणायचे आणि त्यातून पेटलेल्या भांडणाला फ्लेम वॉर. उपाय आला तो ज्याचा त्याने करायचा. लॅरी वॉल या प्रोग्रॅमरने १९८४ मध्ये युजनेटचे मेसेज वाचण्याचा आरएन हा प्रोग्रॅम काढला, त्यात किल फाइल होती, नको त्या माणसाचं नाव त्यात टाकलं की त्याचे मेसेज दिसणं बंद. पुढे लोक जाहीर लिहायला लागले "प्लॉंक", म्हणजे तुझं नाव माझ्या किल फाइलमध्ये पडल्याचा आवाज. आजचं ब्लॉक बटण त्याच घराण्यातलं. पण मी कान बंद केले तरी बाकीच्यांना ऐकू येतंच ना, आणि ग्रुपमध्ये नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी तीच चिखलफेक दिसते. म्हणून युजनेटवरच मॉडरेटेड गटही निघाले, तिथे प्रत्येक मेसेज आधी एका माणसाच्या हाताखालून जायचा.

१९८५ मध्ये सुरू झालेल्या द वेल या अमेरिकेतल्या ऑनलाइन चर्चामंचाने वेगळी वाट धरली, खऱ्या नावाचा आग्रह आणि "तुमच्या शब्दांचे मालक तुम्हीच" हे तत्त्व. भांडणं तिथेही झाली. खरं नाव लावलं की माणूस नीट वागतो असं अजूनही सांगितलं जातं, माझा अनुभव तरी तसा नाही, आमच्या ग्रुपवर डुआयडींपेक्षा (खोट्या नावाची जास्तीची खाती) खऱ्या नावाचे लोक जास्त भांडलेत.

अधिकाराच्या प्रश्नाचा खरा कस लागला तो लॅम्डामू मध्ये. पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये उघडलेलं हे चित्रांशिवाय नुसत्या मजकुरातलं ऑनलाइन जग, तिथे व्यवस्था बघणाऱ्यांना विझर्ड म्हणायचे. १९९२ च्या शेवटी विझर्डांनी जाहीर केलं की आम्ही फक्त तांत्रिक कामं बघू, तुमची भांडणं तुम्ही मिटवा. काही महिन्यांत एका आयडीने इतर सदस्यांवर मजकुरातून अत्यंत हिंसक लैंगिक अत्याचार केले. लोक जमले, तासनतास बोलले, निर्णय झाला नाही, आणि शेवटी एका विझर्डने एकट्यानेच तो आयडी उडवला. मग कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. ती काही वर्षं चालली, खूप वेळ खायची, आणि १९९६ मध्ये विझर्डांनी सांगून टाकलं की सामाजिक निर्णयांपासून पूर्ण लांब राहणं आम्हाला शक्यच नाही. हे वाचताना मला भरून आलं खरं सांगते, कारण आम्हीही ग्रुपवर पोल घेऊन बघितलेत आणि पोलवरूनच नवीन भांडण लागलेलं बघितलंय.

कायद्यातही तोच गुंता झाला. अमेरिकेत १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह ही ऑनलाइन सेवा देणारी कंपनी बदनामीच्या खटल्यातून सुटली कारण ती मजकुरात हात घालत नव्हती, आणि १९९५ मध्ये तशीच दुसरी कंपनी प्रॉडिजी अडकली कारण ती मजकूर साफ करत होती. म्हणजे जो झाडू मारतो त्यालाच दंड. १९९६ च्या कायद्यातल्या कलम २३० ने हे उलटवलं, सद्‌हेतूने मजकूर काढला म्हणून कंपनीवर जबाबदारी येणार नाही असं ठरलं.

त्यानंतर स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या साइटने सदस्यांनाच गुण द्यायला लावले, प्रतिसादाला उणे १ पासून अधिक ५ पर्यंत, आणि गुण देणाऱ्यांवरही नजर ठेवायला दुसरे सदस्य. पण मला सगळ्यात आवडतो तो विकिपीडियाचा २००४ चा नियम, २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवायचा नाही. थोडे अपवाद सोडले तर तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी नाही! कोण बरोबर हे नंतर बघू, आधी हात थांबवा. १९९५ च्या नेटिकेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या शिष्टाचाराच्या, मार्गदर्शक पत्रकातही हेच आहे, भावनेच्या भरात लिहिलेलं उत्तर रात्रभर ठेवा, मग पाठवा. हल्लीचा स्लो मोड, म्हणजे एका मेसेजनंतर दुसरा टाकायला थोडं थांबायला लावणारी सोय, ही तीच रात्र छोटी करून दिलेली. ट्विटरने २०२१ मध्ये सांगितलं की "पाठवायच्या आधी परत बघा" अशी सूचना दिसल्यावर ३४ टक्के लोकांनी उत्तर बदललं किंवा पाठवलंच नाही.

२०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी दाखवलं की मूड खराब असेल आणि वर आधीच वाकडे प्रतिसाद दिसत असतील तर साधा माणूसही ट्रोलसारखा लिहितो. म्हणून मी आता "हा सदस्य वाईट" असं पटकन म्हणत नाही, आणि पहिला वाकडा प्रतिसाद लवकर हलवते. संशोधक नेथन मटायस यांचा २०१९ चा रेडिट या चर्चेच्या साइटवरचा प्रयोग आहे, चर्चेच्या वरच नियम लावून ठेवले तर नवीन लोकांचं नियम पाळण्याचं प्रमाण ८ टक्के-बिंदूंनी वाढलं आणि त्यांचा सहभागही बराच वाढला. नियम दिसले की लोक पळतात ही भीती खोटी ठरली.

तर त्या रात्री मी धागा सकाळी नऊपर्यंत वाचनमात्र केला, कारण दोन ओळींत लिहिलं, खाली माझं नाव टाकलं, आणि दोघांनाही पर्सनलवर एकच मेसेज केला, कमी-जास्त एक शब्द नाही. सव्वानऊला "बरं." वाल्याने लिहिलं की आकाश एडिट केलंय, रात्री ड्युटीवरून आलो होतो, टाइप करायचा कंटाळा आला. दुसऱ्याने आपले तीन प्रतिसाद स्वतःच डिलीट केले. बाजू घेणाऱ्यांपैकी एक मात्र लेफ्ट झाला तो अजून आलेला नाही, त्याला मी फोन करणार आहे.