‘टायकून’चा वादळाशी संबंध नाही

बाजार हादरवून टाकतो म्हणून बड्या उद्योगपतीला ‘टायफून’वरून ‘टायकून’ म्हणतात, असा मजकूर पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. उच्चार इतके जवळचे आहेत की तो पटतोही. पण दोन्ही शब्दांची घराणी वेगळी आहेत.

१८५३ मध्ये अमेरिकी युद्धनौका जपानच्या किनाऱ्याला लागल्या. तिथे सम्राट होता, पण कारभार शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, हाती. परदेशी लोकांशी बोलताना शोगुनला ‘ताइकुन’, म्हणजे महान अधिपती, म्हणत. त्याचंच इंग्रजीत ‘टायकून’ झालं. अमेरिकेत आधी तो बड्या नेत्याला, काहीसा गमतीने, लावला जाई. धनाढ्य उद्योगपती हा अर्थ रुळला १९२०च्या दशकात, तिथल्या नियतकालिकांमधून.

‘टायफून’ मात्र इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे. त्याचं नातं आपल्या ‘तुफान’शी!

पडताळायचं तर व्युत्पत्ती देणारा कुठलाही मोठा इंग्रजी कोश उघडा. किंवा जपानी शिकणाऱ्या कुणाला विचारा. पुण्यात असं कुणी ना कुणी ओळखीत निघतंच. ‘ताइकुन’मधलं ‘ताइ’ आणि वादळाला जपानीत म्हणतात त्या ‘ताइफू’मधलं ‘ताइ’ ही जपानी लिपीतली दोन वेगळी चिन्हं आहेत. पहिल्याचा अर्थ ‘मोठा’, आणि ते अगदी सुरुवातीच्या धड्यांतच येतं.

अमुक कोटींच्या पुढे गेलं की माणूस ‘टायकून’ ठरतो, हेही खरं नाही. ‘मिलियनेअर’ला आकडा लागतो, याला नाही. ‘मोगल’ बादशहांवरून इंग्रजीतला ‘मोगुल’, म्हणजे बडी असामी, हा शब्द आला, हे मात्र खरं आहे. ते फॉरवर्ड खुशाल पुढे पाठवा.