बॅटरीतलं जस्त, कल्हईवाल्याचा नवसागर

मराठवाड्यात शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असली, की हरभरा-गव्हाला पाणी द्यायला बॅटरी घेऊनच निघावं लागे. सेल उतरले की उन्हात ठेवायचे. अगदीच गेले, की पोरं दगडाने फोडून आतली काळी कांडी काढायची, भिंतीवर रेघोट्या ओढायला.

त्या फुटक्या सेलमध्ये काय असे? जस्ताची डबी, कार्बनची कांडी, मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी आणि नवसागराचा ओलसर लगदा. नवसागर म्हणजे कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकायचा तोच. निजामाच्या राज्यात मराठवाड्यासोबत असलेल्या बिदरचे कारागीर जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी जडवून, किल्ल्यातली माती आणि हाच नवसागर लावून भांडं काळं करत. चांदी मात्र पांढरीच राहते. सामान हाताशी होतं, वीज मात्र कुणी शोधत नव्हतं.

ती इटलीत सापडली. 1800 साली व्होल्टाने जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली. दोन धातू नुसते एकमेकांना टेकले की वीज होते, अशी त्याची समजूत. पण जस्त झिजत होतं, याचा हिशेब त्यात नव्हता. किती वीज वाहिली की किती पदार्थ बदलतो, हे फॅरेडेने 1830च्या दशकात दाखवलं.

व्होल्टाची चळत लवकर दमायची, कारण हायड्रोजनचे बुडबुडे धातूला चिकटत. डॅनियलने 1836 मध्ये तांबं मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणात ठेवलं. फवारणीच्या बोर्डो मिश्रणात घालतो तेच मोरचूद. आता बुडबुड्यांऐवजी तांब्यावर तांबंच चढू लागलं. 1866 मध्ये लेक्लांशेने नवसागर आणि मँगनीज डायऑक्साइड वापरलं. 1886 च्या सुमारास गासनरने त्याचाच न सांडणारा, कोरडा सेल केला.

खरा उलगडा 1897 मध्ये इलेक्ट्रॉन सापडल्यानंतर. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, हे ऑक्सिडीकरण. ते तारेतून, बल्बमधून फिरून कांडीपाशी येतात आणि मँगनीज डायऑक्साइड ते घेतं, हे क्षपण. कांडी नुसती वाट देते. इथे आपली पाठ्यपुस्तकी परिभाषा मुलांना अडवते: ऑक्सिडीकरण होतं त्या टोकाला ‘धनाग्र’ म्हणायचं, आणि सेलमध्ये तर तेच ऋण टोक!

बॅटरीत सेल विसरले तर स्प्रिंगला पांढरा थर चढतो, डबीला भोक पडतं. आपण त्याला ‘सेल पाझरला’ म्हणतो. डबी हेच सेलचं इंधन असतं, भोक पडलं तिथलं जस्त संपलेलं असतं.