स्पिटफायरचा अस्सल करडा कोणता?

ऑगस्ट 1941 मध्ये ब्रिटिश हवाई दलाने स्पिटफायरसारख्या आपल्या लढाऊ विमानांचं रंगरूप बदललं. वरच्या बाजूचा मातकट तपकिरी गेला, 'ओशन ग्रे' आला. गडद हिरवे पट्टे तसेच राहिले. पण नवा रंग पुरेसा तयार नव्हता. तोवर 7 भाग 'मीडियम सी ग्रे'त 1 भाग काळा मिसळून काम भागवा, अशी सूचना होती. असा हाताने कालवलेला करडा सगळीकडे सारखा उतरणं अवघडच. मग त्या दिवसांतल्या स्पिटफायरला आज पुन्हा रंग द्यायचा, तर कोणता करडा अस्सल म्हणायचा?

जुन्या फोटोंवर विसंबता येत नाही. ऑर्थोक्रोमॅटिक नावाच्या कृष्णधवल फिल्मला लाल प्रकाश जवळपास जाणवतच नाही, त्यामुळे ब्रिटिश वर्तुळचिन्हाभोवतीचं झळझळीत पिवळं कडंही तिच्यावर काळपट उमटतं. खरा पुरावा विमानाच्या अंगावर असतो. बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून एखादी जागा हळूहळू घासली, की कांद्याच्या चकतीसारखी वलयं उघडी पडतात: मधोमध ॲल्युमिनियम, त्याभोवती प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), मग युद्धकाळातला रंग, आणि सर्वांत बाहेर नंतरचे हात.

पत्र्याच्या झाकणाआड, ऊन न लागलेल्या जागी मूळ छटा टिकून असेल, असं वाटतं. पण जवसाच्या तेलावर बेतलेले रंग अंधारात पिवळे पडतात. उघड्या भागावर उलटं घडतं: अतिनील किरणांनी रंगद्रव्याला धरून ठेवणारा थर झिजतो, पृष्ठभागावर भुकटी सुटते आणि रंग फिकट दिसू लागतो. म्हणून स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या उपकरणाने दिलेला आकडा कितीही नेमका असला, तरी तो आजच्या रंगाचा असतो, 1941 च्या नव्हे.

माझ्या मते छटेइतकंच रंगद्रव्यही शोधायला हवं. क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या तपासणीत मूलद्रव्यं कळतात. लोह भरपूर सापडलं तर गेरू किंवा पिवळ्या मातीच्या जातीचं रंगद्रव्य असण्याची शक्यता वाढते. घटक कळले, की ताजं मिश्रण करून मूळ छटेचा अंदाज बांधता येतो. नुसत्या डोळ्यांनी जुळवलेला रंग हँगरमधल्या ट्यूबलाइटखाली हुबेहूब दिसतो आणि बाहेर उन्हात वेगळाच निघतो, कारण जुन्या आणि नव्या रंगातली रंगद्रव्यं वेगळी असतात. याला मेटामेरिझम म्हणतात. अर्थात, प्रत्येक घटक जसाच्या तसा वापरणंही शहाणपणाचं नाही. त्या काळी सर्रास वापरलेल्या झिंक क्रोमेट प्रायमरमधलं षट्-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे.

जर्मन विमानांचा प्रश्न आणखी बिकट. 1944 मध्ये 81 आणि 82 क्रमांकाचे रंग आले, पण कारखान्यांना त्यांची नमुना-पत्रकं मिळालीच नाहीत. त्यामुळे 81 कुठे तपकिरी, तर कुठे ऑलिव्ह हिरव्याकडे झुकणारा.

म्हणूनच 200 हून अधिक मोहिमा केलेल्या 'फ्लॅक-बेट' या अमेरिकी मरॉडर बॉम्बफेकी विमानाला नवा रंग न देता मूळचाच जपायचा, हा स्मिथसोनियन संग्रहालयाचा निर्णय मला मोलाचा वाटतो. रंगवणं टाळता येणारच नसेल, तर निदान एखाद्या झाकणामागे तळहाताएवढा जुना रंग न घासता सोडावा. पुढच्या अभ्यासकाकडे आजच्याहून चांगली उपकरणं असतील.