मॅकवरचा म्हातारा बॅश

मॅकवर टर्मिनल उघडा आणि बॅशची आवृत्ती विचारून पाहा. मशीन अगदी नवंकोरं असलं तरी उत्तर येतं ३.२, आणि खाली कॉपीराइटचं साल २००७. बॅश म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड वाचून संगणकाकडून कामं करून घेणारा प्रोग्राम. पुढच्या आवृत्त्याही फुकटच आहेत. मग अ‍ॅपल तिथेच का अडलं? कारण लायसन्समध्ये सापडतं: २००९ साली बॅश ४ आला तो जीपीएल ३, म्हणजे जीपीएल या लायसन्सची तिसरी आवृत्ती, घेऊन.

जीपीएल हे मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांचं १९८९ सालचं लायसन्स. कोड वापरा, बदला, विकासुद्धा. मात्र बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूरही, त्याच अटींवर द्या. बर्कली विद्यापीठातून आलेल्या बीएसडी लायसन्सला ही अट मान्य नाही. मूळ कॉपीराइटची सूचना ठेवा, बाकी तुमची मर्जी. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची सिस्टीम फ्रीबीएसडी या बीएसडी लायसन्सच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर उभी आहे, पण आपले बदल दाखवायला सोनी बांधील नाही. बीएसडीवाले विचारतात, अटी घातल्यावर स्वातंत्र्य कसलं? जीपीएलवाले विचारतात, कुणाचं स्वातंत्र्य? कोड उचलणाऱ्या कंपनीचं, की तो डबा विकत घेणाऱ्याचं?

डबा हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. अमेरिकेत टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारं टिवो नावाचं यंत्र लिनक्स या जीपीएल २ वाल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचं. कंपनीने जीपीएल २ प्रमाणे सोर्स कोड दिला, कागदोपत्री सगळं चोख. पण तो कोड बदलून परत यंत्रात घातला, की कंपनीची डिजिटल सही जुळायची नाही आणि यंत्र तो चालवायला नकार द्यायचं. मला ही पळवाट हुशार वाटते, आणि म्हणूनच जास्त खटकते. जून २००७ मधल्या जीपीएल ३ ने ती बुजवली: घरगुती वापराच्या यंत्रात असा प्रोग्राम देत असाल, तर बदललेली आवृत्ती बसवून चालवायला लागणाऱ्या डिजिटल किल्ल्याही द्या.

गंमत म्हणजे, ज्याच्या लिनक्सवरून हे रामायण झालं, त्या लिनस टोरवाल्ड्सलाच ते पटलं नाही. त्याचं म्हणणं साधं होतं: सुधारलेला कोड मला परत मिळाला, बस, यंत्र कसं बनवायचं ते बनवणारा ठरवेल. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, आजही जीपीएल २ वरच आहे.

अ‍ॅपलने २०१९ मध्ये बॅशऐवजी झेडशेल हा तसाच दुसरा प्रोग्राम पुढे केला. त्याचं लायसन्स सैल आहे, त्यात किल्ल्यांची अट नाही. जुना बॅश मात्र कोपऱ्यात तसाच आहे. बॅश ४ मध्ये आलेली, आकड्याऐवजी नावाने माहिती साठवणारी असोसिएटिव्ह अ‍ॅरेची सोय वापरून लिनक्सवर लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, त्याच्या हाती दिली, की तो 'इनव्हॅलिड ऑप्शन' म्हणून मोकळा होतो.